धर्मांची तुलना: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या वहीत 'जगातील प्रमुख धर्म' असं शीर्षक आलं की खाली चार रकाने ठरलेले: संस्थापक, धर्मग्रंथ, देव, तीर्थक्षेत्र. मुलं रकाने भरतात, गुणही मिळवतात. पण शेजारच्या पेठेतल्या माणसाचा धर्म समजून घ्यायला त्या तक्त्याचा उपयोग जवळपास शून्य. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, शिक्षकांचे आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचे आहेत आणि वेगळ्या धर्माचे पाहुणे जेवायला येणार म्हणून अडखळलेल्यांचेही. उदाहरणं जमेल तिथे सोलापूर आणि आसपासची घेतली आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच चौकात ऐकू येणाऱ्या गावाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

तो चार रकान्यांचा तक्ता चुकतो कुठे?

प्रत्येक रकान्यात. 'संस्थापक' घ्या. हिंदू धर्माला तो नाही. जैनांपुढे महावीर लिहितात, पण जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर. त्यांच्या आधी तेवीस होऊन गेले. मुसलमानांच्या मते हजरत मुहम्मद पैगंबर (इ.स. ५७०–६३२) यांनी नवा धर्म काढलाच नाही; आदमपासून चालत आलेल्या पैगंबरांच्या मालिकेतले ते शेवटचे. जुन्या पुस्तकांतला 'मोहम्मदी धर्म' हा शब्द मुसलमानांना खटकतो तो यामुळे. येशू जन्मापासून मरणापर्यंत ज्यू होते. ख्रिस्ती मंडळी त्यांच्या मागून उभी राहिली, आणि ती ज्यू समाजाबाहेर पोचवण्यात पौल या सुरुवातीच्या धर्मप्रचारकाचा वाटा मोठा.

'धर्मग्रंथ' हा रकाना त्याहून फसवा. बायबल हा पुस्तकांचा संग्रह आहे: प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३. कुराण ११४ सुऱ्यांचं, आणि मुसलमानांच्या श्रद्धेनुसार त्यातले अरबी शब्दच अल्लाहचे. मराठी कुराण म्हणजे कुराणाचा अर्थ, कुराण नव्हे. म्हणून चर्चमध्ये मराठी बायबल खुशाल वाचतात, नमाजातलं कुराण मात्र अरबीतच म्हणतात. वेद कित्येक शतकं लिहिलेच गेले नाहीत, मुखोद्गत राहिले. आणि आपल्याकडे घरात पारायण होतं ते वेदांचं नव्हे, ज्ञानेश्वरीचं किंवा गुरुचरित्राचं. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबाला नुसता ग्रंथ म्हणणंही अपुरं. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी त्यालाच गुरुपद दिलं. तेव्हापासून त्याला पहाटे विधिपूर्वक उघडतात आणि रात्री मानानं निजवतात.

तक्ता करायचाच असेल तर रकाने बदला. माणसाची मूळ अडचण काय मानली आहे? तिच्यावर उपाय काय? त्या धर्मात येता कसं येतं, जन्मानं की दीक्षेनं? दिवस कधी सुरू होतो? मृतदेहाचं काय करतात? शेवटचा रकाना मुलांना दचकवतो, पण एवढी माहिती दुसरा कोणताच देत नाही. हिंदूंमध्ये बहुधा दहन. लिंगायतांमध्ये देह बसलेल्या स्थितीत, गळ्यात धारण केलेल्या इष्टलिंगासह पुरणं. मुसलमानांमध्ये दफन, चेहरा काबेकडे (सोलापुरातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली दिशा). पारशांमध्ये परंपरेनं दोखमा, म्हणजे देह उघड्या मनोऱ्यात गिधाडांसाठी ठेवणं, कारण अग्नी, पाणी आणि माती विटाळायची नाही. प्रत्येकाच्या मागे देहाविषयीची एक वेगळी कल्पना उभी आहे.

जगात मुख्य धर्म किती?

मोजणी कशासाठी करता यावर उत्तर ठरतं. अनुयायांची संख्या पाहिली तर ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुसलमान सुमारे २०० कोटी, हिंदू सुमारे १२० कोटी. बौद्धांचे आकडे ३२ कोटींपासून ५० कोटींपर्यंत दिलेले दिसतात. बुद्धाला फुलं वाहणाऱ्या पण 'तुमचा धर्म कोणता' म्हटल्यावर 'कोणताच नाही' सांगणाऱ्या चिनी माणसाला कुठे धरायचं, याच्यावर तो फरक येतो. ज्यू जेमतेम दीड कोटी, पण त्यांच्याशिवाय पहिल्या दोन धर्मांचा इतिहासच सांगता येत नाही. तेव्हा 'मुख्य' म्हणजे 'मोठा' असं धरू नका.

आपल्याकडचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली नसती तर हा आकडा कुठे असता, ते वेगळं सांगायला नको.

सर्वात जुना धर्म कोणता?

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि वाद होतात ते तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. परंपरा स्वतःबद्दल काय सांगते, हा पहिला. हिंदू 'सनातन' म्हणतात, जैन ऋषभनाथांपर्यंत मागे जातात, मुसलमान आदमपर्यंत. इथे हरणारा कोणीच नाही. अभ्यासक भाषेवरून आणि इतर खुणांवरून कोणता काळ धरतात, हा दुसरा. ऋग्वेदाची रचना साधारण इ.स.पू. १५०० ते १२०० या काळातली मानली जाते. पारशांचा प्रेषित जरथुष्ट्र याच्या काळाबद्दल मतभेद हजार वर्षांच्या घरातले आहेत, पण त्याच्या गाथांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळची आहे की 'सोम' तिकडे 'हओम' होतो आणि 'असुर' 'अहुर'. 'सिंधू'चा 'हिंदू' झाला तो याच उच्चाराच्या सवयीनं.

हातात धरता येईल असा पुरावा कधीचा, हा तिसरा प्रश्न, आणि इथे नेहमी चकवा बसतो. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावं कोरलेला सर्वात जुना लेख भारतात नाही; तो आजच्या तुर्कस्तानात, बोगाझकोई इथे, इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या एका तहनाम्यात सापडला. बौद्ध धर्माचा पक्का कोरीव पुरावा म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकातले अशोकाचे लेख. त्यातला एक आपल्याच भीमेकाठी आहे. कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला चंद्रलांबा देवीच्या आवारातल्या काली मंदिराचं छत १९८६ मध्ये कोसळलं, मूर्ती भंगली आणि तिच्याखालची बैठकीची शिळा उघडी पडली. ती अशोकाच्या लेखाची निघाली. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजा अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्पही मिळालं. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ज्या पाण्यात आपण उतरतो तेच पाणी पुढे त्या स्तूपाजवळून जातं.

परीक्षेत हा प्रश्न आला तर 'उपलब्ध सर्वात जुनं धार्मिक वाङ्मय' की 'सर्वात जुना अखंड चालू धर्म' हे आधी नीट वाचा. पर्याय दोन्हीकडे तेच असतात, उत्तर मात्र बदलू शकतं.

देव न मानणारे बौद्ध आणि जैन नास्तिक ठरतात का?

भारतीय दर्शनांत 'नास्तिक' म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. त्या अर्थानं दोन्ही नास्तिक. आज आपण जो अर्थ घेतो, देव न मानणारा, तो लावला तर गोंधळ होतो, कारण सांख्य आणि मीमांसा ही दर्शनंही जगाचा कर्ता देव मानल्याशिवाय चालतात आणि तरीही आस्तिकांत मोडतात.

जैन मंदिरात गेलात तर मग पूजा कोणाची, हा पुढचा प्रश्न येतोच. तीर्थंकर जग निर्माण करत नाहीत, नवसाला पावत नाहीत. ते वाट पार करून गेलेले आहेत. पूजा त्यांच्या गुणांची. अष्टद्रव्य पूजेत जल, चंदन, अक्षता, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ अशी आठ द्रव्यं असतात. पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढतात, त्यावर तीन पुंजके आणि सर्वात वर चंद्रकोर व ठिपका. स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या चार गती. तीन पुंजके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जिवांचं स्थान. पाटावरची ही चिमूटभर अक्षत वाचता आली तर जैन तत्त्वज्ञानाचं निम्मं पुस्तक झालं म्हणायचं.

बौद्ध आणि जैन यांच्यातला खरा फरक आत्म्याचा आहे. जैनांत प्रत्येक जीव शाश्वत. बुद्धाच्या शिकवणीत 'अनत्ता', कायम टिकणारा आत्मा नाहीच. दोघेही पुनर्जन्म मानतात, पण मग पुढे काय जातं याची उत्तरं अगदी वेगळी.

मूर्ती बुद्धाची की तीर्थंकराची, ओळखायची कशी?

दोन्ही ध्यानस्थ, दोन्ही शांत. अंगावर चिवराची कड, म्हणजे डाव्या खांद्यावरून गेलेली रेघ, दिसते का ते आधी पाहा. असेल तर बुद्ध. छातीच्या मध्यावर श्रीवत्साची खूण किंवा मूर्ती दिगंबर असेल तर तीर्थंकर. मग बैठकीवरचं लांछन, म्हणजे तीर्थंकराचं ओळखचिन्ह, शोधा: बैल ऋषभनाथांचा, हरिण शांतिनाथांचं, शंख नेमिनाथांचा, सिंह महावीरांचा. डोक्यावर नागफणा दिसला की लोक चटकन 'नागोबा' म्हणतात. तीर्थंकराच्या मूर्तीवर तो बहुधा पार्श्वनाथांचा असतो. उघड्यावरच्या जुन्या मूर्तींना शेंदूर फासलेला असतो आणि लांछन त्याच्याखाली गडप होतं. तिथे श्रीवत्सावरच भिस्त. शेंदूर खरवडू नका. झीज होते आणि गावकऱ्यांची श्रद्धाही दुखावते.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाला मानतात, मग भांडण कशावर?

तिघेही अब्राहमाला पूर्वज मानतात. मराठीत ही गोष्ट लपून जाते, कारण एकीकडे आपण अब्राहम, मोशे, येशू लिहितो आणि दुसरीकडे इब्राहिम, मूसा, ईसा. माणसं तीच. कुराणाची १९ वी सुरा मरियमच्या नावाची आहे आणि येशूचा जन्म कुमारी मातेपोटी झाला हे कुराणही सांगतं.

वाद येशू कोण यावर आहे. ज्यूंच्या दृष्टीनं वाट पाहत असलेला मसीहा अजून आलेला नाही. ख्रिस्ती मतानुसार येशू देवाचा पुत्र आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव. हे सूत्र शब्दांत बांधायला इ.स. ३२५ ची निकेयाची परिषद आणि पुढची बरीच वर्षं खर्ची पडली. इस्लाममध्ये ईसा थोर पैगंबर, पण देवाला पुत्र असणं अशक्य. इथे 'अवतार' शब्द वापरून समजावण्याचा मोह होतो. टाळा. अवतार पुन्हा पुन्हा होतात. ख्रिस्ती मतात देव माणूस झाला तो एकदाच. पैगंबर तर अवतार नव्हेच, तो संदेश आणणारा माणूस.

ज्यू म्हटलं की परदेश आठवतो, पण कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत आले आहेत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

लिंगायत वेगळा धर्म आहे की हिंदूंमधला पंथ?

सोलापुरात हा प्रश्न विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. आम्ही बाजू मांडतो, निकाल देत नाही.

बाराव्या शतकात बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि इतर शरणांनी (शिवभक्त संतांनी) कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जी चळवळ उभी केली तिच्यात वेदप्रामाण्य नाही, जन्मावरून उच्चनीचता नाही, आणि देव गळ्यातल्या इष्टलिंगात. वचनं लिहिली ती लोकांच्या कन्नडमध्ये. आचाराचा गाभा अष्टावरण: गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष, मंत्र. वेगळा धर्म म्हणणारे या सगळ्यावर बोट ठेवतात. दुसरी बाजू वीरशैव परंपरेची: पंचाचार्य आणि पाच पीठं (रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल, काशी) बसवेश्वरांच्याही आधीची आहेत आणि शैव आगमांशी नातं तुटलेलं नाही, असं ती सांगते. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं वेगळ्या धर्माच्या दर्जाची शिफारस केली. केंद्रानं ती मान्य केली नाही.

सोलापूरचा पेच याहून रंगतदार आहे. सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, ६८ लिंगं स्थापली, तळं खोदलं, देऊळ बांधलं. हे सगळं 'स्थावर', जागेवर रोवलेलं. शरणांचा भर मात्र 'जंगम'वर, हलत्या-चालत्या देवावर. परंपरा सांगते की अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना दगडफोड्या 'वड्डराम' म्हणून डिवचलं; पुढे सिद्धराम कल्याणला गेले आणि शरणांमध्ये त्यांना मोठं स्थान मिळालं. सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, सात नंदीध्वज निघतात, यण्णिमज्जनाला त्या ६८ लिंगांना तेल लागतं, कुंभारकन्येच्या सिद्धरामांच्या योगदंडाशी झालेल्या विवाहाच्या अक्षता पडतात. स्थावर आणि जंगम इथे एकाच मिरवणुकीत चालतात.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये वीरशैव आणि लिंगायत ही नावं स्पष्ट लिहिली आहेत. तोच कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, आणि तरी हे तिन्ही राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक धर्म आहेत (जैन २०१४ पासून). म्हणजे लग्नाच्या कायद्यातल्या यादीवरून धर्म ठरवायला गेलात तर फसाल. ती यादी लग्नापुरती.

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना?

खोटं बोलू नका, चोरी करू नका, भुकेल्याला खायला द्या, इथपर्यंत हो. त्यापुढे नाही. मोक्ष, निर्वाण, तारण आणि जन्नत हे चार शब्द एकमेकांच्या जागी ठेवून पाहा, वाक्य मोडतं. ख्रिस्ती मतात अडचण पापाची, आणि उपाय माणसाच्या हातात नसून देवाच्या कृपेत. इस्लाममध्ये मूळ पाप नाही. आदम चुकला, त्यानं क्षमा मागितली, ती मिळाली. माणसाचा खरा शत्रू विसरणं, म्हणून दिवसातून पाच वेळा आठवण. बुद्धाच्या शिकवणीत अडचण दुःखाची, मूळ तृष्णेत. जैनांत कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे, जिवाला धुळीसारखं चिकटतं; नवीन येणारं थांबवायचं (संवर) आणि जुनं झाडायचं (निर्जरा).

आणि वारकरी? तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात. संतांची संगत दे आणि पुन्हा खुशाल गर्भवासात घाल, असं मागणं. मोक्ष हे हिंदू धर्माचं ध्येय, असं एका ओळीत लिहिणाऱ्या तक्त्यात पंढरपूर बसत नाही.

भाषांतरात हीच अडचण येते. फादर थॉमस स्टीफन्सनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापलं गेलं, आणि स्वर्गासाठी शब्द घेतला 'वैकुंठ'. ऐकणाऱ्याला लगेच कळलं, पण वैकुंठासोबत विष्णूही आला. आजही रोजाला 'उपवास' म्हटलं की ऐकणाऱ्याला साबुदाण्याची खिचडी दिसते, आणि रोजात तर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो. गड्डा मात्र दरवर्षी जानेवारीतच. असं का?

हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा रमजान सुरू होईल. महिना वाढवून हा फरक मिटवायची चाल अरबस्तानात होती. कुराणानं (९:३७) ती बंद केली.

आपलं पंचांग महिने चंद्रावर मोजतं, पण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्यू पंचांगही तेच करतं: १९ वर्षांत ७ अधिक महिने. म्हणून दिवाळी आणि ज्यूंचं नववर्ष पुढेमागे होतात, पण ऋतू सोडत नाहीत. गड्डा बांधलेला आहे संक्रांतीला, आणि संक्रांत तिथीवर नसून सूर्याच्या राशीवर. तीही अगदी स्थिर नाही. साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे जाते, म्हणून आता कधी १४ तर कधी १५ जानेवारी. ईस्टरमध्ये दोन्हीचं मिश्रण: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही.

निमंत्रण देताना चूक होते ती दिवसाच्या सुरुवातीची. इस्लाम आणि ज्यू धर्मात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 'जुम्मेरात' म्हणजे गुरुवार, पण नावात शुक्रवारची रात्र आहे. पंचांगात तिथी सूर्योदयाची धरतात. 'शुक्रवारच्या रात्री' असं कोणी म्हणालं तर कोणाच्या शुक्रवारची, ते विचारून घ्या.

जुन्या लेखावर हिजरी किंवा शक असेल तर इसवी सन कसा काढायचा?

शालिवाहन शकात ७८ मिळवा. विक्रम संवतातून ५७, वीर निर्वाण संवतातून ५२७, बुद्ध संवतातून ५४४, ज्यू वर्षातून ३,७६० वजा करा. वर्षाचा आरंभ वेगवेगळा असल्यानं एखादं वर्ष इकडेतिकडे होतं.

हिजरीला नुसते ६२२ मिळवणं ही सर्रास होणारी चूक. वर्ष लहान आहे, म्हणून आधी ०.९७ नं गुणा, मग ६२२ मिळवा. हिजरी १००० म्हणजे ९७० अधिक ६२२, सुमारे १५९२. नुसती बेरीज केली असती तर १६२२ आलं असतं, तीस वर्षांची चूक, आणि दख्खनेत तीस वर्षांत सुलतान बदलतो. मराठी कागदपत्रांत 'सुहूर सन' दिसला तर तो हिजरी समजू नका. तो सौर वर्षाला धरून चालतो, त्यात ५९९ मिळवायचे.

जकात, दशमांश, दासोह: किती आणि कशावर?

जकात उत्पन्नावर नसते. गरजा भागून एक चांद्र वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. ३ लाख रुपये शिल्लक असतील तर ७,५०० रुपये. राहतं घर आणि वापरातली गाडी धरत नाहीत, देणं वजा करतात. किमान मर्यादा (निसाब) भारतात सोन्याची साडेसात तोळे किंवा चांदीची साडेबावन्न तोळे सांगतात. घोळ इथे होतो: हा जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आहे. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. खरा हिशोब ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी असा. वापरातल्या दागिन्यांवर हनफी मतात जकात आहे, शाफई मतात नाही. दख्खनेतले बहुतेक सुन्नी हनफी, कोकणातले शाफई. एकाच लग्नात दोन्हीकडचे पाहुणे असले की हा विषय निघतो.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतला दशमांश आणि शिखांचा दसवंध दहा टक्के. हिंदूंमध्ये सर्वांना लागू असा एक ठरलेला आकडा नाही. लिंगायतांत तर टक्केवारीच नाही: आधी कायक, म्हणजे कष्टाचं काम, आणि त्यातून दासोह, म्हणजे समाजासाठी वाटून देणं. कष्ट न करता दिलेलं दान त्यात बसत नाही.

वेगवेगळ्या धर्मांचे पाहुणे जेवायला आहेत. ताटात काय चालेल?

जैन पाहुणे असतील तर सूर्यास्तापूर्वी वाढा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नको. एका कंदात असंख्य जीव मानलेले आहेत. शेंगा जमिनीखाली येतात तरी चालतात, कारण ते बी आहे, कंद नव्हे. पण आपली शेंगाची चटणी चालत नाही, तिच्यात लसूण असतो. बिनलसणीची वेगळी कुटा, त्याच खलबत्त्यात नको. कडक भाकरीला कोणाचीच हरकत नाही. मुसलमान पाहुण्यांना मांसाहार करायचा तर हलालच आणा. खात्री नसेल तर सरळ शाकाहारी करा. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र येत नाही. बौद्ध म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरू नका. मद्य मात्र पुढे करू नका. बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ते वर्ज्य आहे.

शीख धर्माचा आणि आपल्या जिल्ह्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि थेट. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांत 'बीठल' म्हणून आपला विठ्ठल येतो. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी, पंजाबात घुमानला त्यांचं स्मारक. शीख धर्म म्हणजे हिंदू आणि इस्लाम यांचं मिश्रण, हे पाठ्यपुस्तकी वाक्य शिखांना मान्य नाही. गुरू नानकांची (१४६९–१५३९) वाट स्वतंत्र आहे, संतांची सोबत तिला होती इतकंच.

चौकात फलक लावायचा आहे. कोणत्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत?

मोहरमच्या. इ.स. ६८० मध्ये करबलात पैगंबरांचे नातू हजरत हुसैन शहीद झाले, त्याचा तो शोक. दख्खनेत पंजे आणि ताबूत निघतात, हिंदूही नवस बोलतात, ताशे वाजतात, म्हणून सण वाटतो. तरी 'हार्दिक शुभेच्छा' नको. गुड फ्रायडेही येशूच्या मरणाचा दिवस. आनंद रविवारी, ईस्टरला. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, 'विनम्र अभिवादन'. जैनांच्या क्षमेच्या दिवशी श्वेतांबरांना 'मिच्छामि दुक्कडम्' आणि दिगंबरांना, म्हणजे सोलापुरात बहुतेक ठिकाणी, 'उत्तम क्षमा'. दोन्ही ईदना 'ईद मुबारक' चालतं, पण चित्र बदला: रमजान ईदला चंद्रकोर ठीक, बकरी ईद महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, तेव्हा आकाशात कोर नसते.